चोखणी सोडविताना : क्षीरान्नाद अवस्थेतील निद्रा आणि ओकसात्म्याचा विचार

बालरुग्णांच्या चिकित्सेत अलीकडे एक प्रश्न वारंवार पुढे येतो. दीड ते तीन वर्षांचे मूल घेऊन आई-वडील येतात. मुलाला ज्वर नसतो, अतिसार नसतो, वजन वयाच्या मानाने बरे असते. तक्रार एकच असते, की मूल रात्री झोपत नाही. थोडी विचारपूस केली म्हणजे कळते, की आठ-दहा दिवसांपूर्वी दंतवैद्यांनी अथवा घरातील वडीलधाऱ्यांनी सांगितले म्हणून चोखणी एकाएकी बंद करण्यात आली आहे. आता आई-वडिलांना दोनच मार्ग दिसतात. एक, चोखणी पुन्हा द्यावी. दुसरा, वैद्यांकडून झोपेचे काहीतरी औषध घ्यावे. हा दुसरा मार्ग विचारीत ते आपल्या चिकित्सालयात आणि औषधालयात येतात, म्हणून प्रस्तुत विषयाचा परामर्श येथे घेण्याचे आम्ही योजिले आहे.

चोखणी ही वस्तू संहितांत नाही. ती शोधण्याच्या खटाटोपात पडू नये. तथापि तिच्यासंबंधी निर्णय करण्यास लागणारे तीन सिद्धान्त संहितांत स्पष्ट आहेत : सवयीने सात्म्य झालेल्या अहितकर वस्तूचा त्याग कसा करावा, बालकाच्या हाती कोणती वस्तू द्यावी, आणि निद्रानाशात औषधापूर्वी काय करावे. या तिन्हींचा मेळ घातला असता या प्रश्नाचे उत्तर बरेचसे हाती येते, असा आमचा अनुभव आहे.

चोखण्याची ओढ आणि तिचे वय

चोखणे ही बालकाची शिकलेली क्रिया नव्हे. गर्भावस्थेतच बालक अंगठा चोखताना सोनोग्राफीत दिसते. जन्मानंतर स्तन्यपानासाठी ही क्रिया अनिवार्यच असते. परंतु पोट भरल्यावरही केवळ शांत होण्यासाठी चोखण्याची ओढ पहिल्या वर्षात राहते. चोखणी या ओढीचा उपयोग करून घेते. आजच्या रूपातील चोखणीचा इतिहास फार जुना नाही. रबरी बोंड, त्यामागे ढाल आणि धरावयास कडी अशी घडण न्यूयॉर्क येथील ख्रिश्चन माइनेके नावाच्या एका औषधविक्रेत्याने १९०० साली नोंदविली. त्यापूर्वी युरोपात कापडाच्या पुरचुंडीत साखर अथवा भाकरीचा चुरा बांधून ती मुलाच्या तोंडात देत. आपल्याकडे बोटाला मध लावून चाटविणे आणि अंगावर पाजत झोपविणे हीच रीत होती. चोखणी शहरांतून आली आणि शहरांतच अधिक रुजली.

चोखणी सर्वथा त्याज्य आहे असे सरसकट म्हणणेही बरोबर नाही. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २००५ साली, अंगावरचे दूध नीट सुरू झाल्यावर तान्ह्या बाळाला झोपताना चोखणी देण्याचा विचार करावा, असा सल्ला दिला, आणि २०२२ च्या मार्गदर्शनातही तो कायम ठेवला. झोपेत अकस्मात होणाऱ्या अर्भकमृत्यूंचे प्रमाण चोखणी घेणाऱ्या बाळांत कमी आढळले, हे त्याचे कारण. दुसरीकडे जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या १९८९ च्या दहा सूत्रांत स्तन्यपान करणाऱ्या बाळाला चोखणी देऊ नये असे होते. २०१८ च्या सुधारित सूत्रांत हा निषेध सौम्य होऊन मातेला तिच्या धोक्यांची माहिती द्यावी असे झाले. वैद्यबंधूंनी या दोन्ही बाजू ठाऊक ठेवाव्यात. कारण परदेशी राहून आलेल्या सुना-मुलींना बालरोगतज्ज्ञांनीच चोखणी सुचविलेली असते, आणि 'हे कसले नवे खूळ' असे म्हणून त्यांना वाटेस लावणे शास्त्रीय होणार नाही.

मात्र हा सर्व लाभ पहिल्या वर्षाचा, म्हणजे सुश्रुतोक्त क्षीरप अवस्थेचा आहे. पुढे क्षीरान्नाद अवस्था लागली, दात आले, अन्न सुरू झाले, की चोखणीच्या लाभाचे पारडे हलके होत जाते आणि हानीचे जड होते.

हानी कोणती

कर्णविकार हा यातील मुख्य. फिनलंडमध्ये २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका नियंत्रित अभ्यासात, चोखणीचा वापर केवळ झोपी जाण्याच्या वेळेपुरता ठेवण्याविषयी आई-वडिलांना समजावून सांगितले गेले, तेव्हा त्या मुलांत मध्यकर्णशोथाचे प्रमाण २९ टक्क्यांनी कमी आढळले. आपल्या दृष्टीने पाहता बाल्यावस्था मुळात कफप्रधान. त्यात सतत चोखण्याने लालास्राव वाढतो, कंठ-नासा-कर्ण या संलग्न भागांत क्लेद साचतो. वारंवार सर्दी व कान फुटणे या तक्रारी घेऊन येणाऱ्या दोन वर्षांच्या मुलाच्या इतिहासात चोखणीविषयी प्रश्न विचारलाच पाहिजे. कित्येकदा आपण सितोपलादि चूर्णाच्या पुड्या महिनोन्‌महिने देत राहतो आणि चोखणी तशीच चालू असते. निदानपरिवर्जन ही पहिली चिकित्सा, हे आपण इतरांना शिकवितो.

दातांविषयी एवढे सांगणे पुरे, की दीर्घकाळच्या चोखण्याने वरचे व खालचे पुढचे दात मिटत नाहीत, मध्ये फट राहते. वरचा जबडा अरुंद होऊन दाढांची जुळणी बिघडते. तीन वर्षांच्या आत सवय सुटली तर पुढच्या दातांची फट बहुधा आपोआप भरून येते. जबड्याची रुंदी मात्र तितक्या सहजी सुधारत नाही. दिवसभर तोंडात चोखणी असलेले मूल बडबड कमी करते, हे तर कोणाही आजीच्या लक्षात येते.

याच ओघात दुधाच्या बाटलीचाही विचार करावयास हवा. आपल्याकडे चोखणी न घेणारी पण बाटलीचे बोंड तोंडात ठेवूनच झोपणारी मुले संख्येने अधिक आहेत. त्यांच्या निद्रेचा प्रश्न अगदी हाच आहे आणि दातांची हानी कितीतरी जास्त. झोपेत लाळ कमी होते, गोड दूध वरच्या दातांवर साचून राहते आणि दोन-अडीच वर्षांतच पुढचे दात किडून काळे पडतात. पुढे चोखणीविषयी जे सांगितले आहे ते बाटलीसही लागू समजावे. फरक इतकाच, की बाटलीतील दुधाचे प्रमाण दिवसाच्या आहारातून, वाटी-चमच्याने अथवा पेल्याने, भरून काढावे लागते.

चोखणी गेल्यावर झोप का मोडते

हा भाग आम्ही थोडा विस्ताराने मांडतो, कारण येथेच चिकित्सेची किल्ली आहे.

झोप ही रात्रभर एकसारखी नसते. लहान मुलांत साधारण तासाभराचा एक फेरा असतो. त्यात गाढ झोप आणि हलकी झोप आलटून पालटून येते. फेरा संपताना मूल क्षणभर जागे होते, कूस बदलते आणि पुन्हा झोपते. प्रत्येक मूल, प्रत्येक रात्री, अनेकदा असे जागे होते. पण झोपी जाताना जी स्थिती होती तीच स्थिती जागे होताना असेल, तरच ते आपोआप पुन्हा झोपते. झोपी जाताना तोंडात चोखणी होती आणि जाग येताना ती उशीखाली गेली असेल, तर काहीतरी हरवले आहे या जाणिवेने ते पूर्ण जागे होऊन रडते. म्हणून चोखणी घेणाऱ्या मुलांच्या माता रात्री चार-चार वेळा उठून चोखणी शोधून तोंडात देत असतात. 'चोखणी आहे म्हणून मूल झोपते' असे त्या सांगतात, आणि रात्रीच्या पहिल्या झोपेपुरते ते खरेही असते. मध्यरात्रीनंतर पाहिले तर त्या मुलाच्या जागरणाचे कारणही पुष्कळदा चोखणीच असते. हे आई-वडिलांना एकदा नीट उमगले, की चोखणी काढणे म्हणजे झोप हिरावून घेणे ही भीती निम्मी ओसरते.

आता चोखणी बंद केली, म्हणजे झोपी जाण्याचा परिचित मार्ग बंद झाला. मुलाला नवा मार्ग सापडेपर्यंत पहिल्या काही रात्री झोपी जाण्यास उशीर होतो, मध्ये जाग येते, दुपारची झोप तुटक होते अथवा अजिबात लागत नाही. अपुऱ्या झोपेचे मूल आळसावून पडत नाही. ते उलट अधिक धावते, हट्ट करते, चिडते. रात्री त्याला झोपविणे आणखी कठीण होते. वातवृद्धीचे हे चित्र वैद्यांना वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. सुश्रुताचार्यांनी निद्रानाशाच्या हेतूंत वात, पित्त, क्षय व अभिघात यांच्याबरोबर मनस्ताप गणला आहे. दोन वर्षांच्या मुलाला कसला मनस्ताप, असे म्हणू नये. त्याच्या जगात चोखणी ही आईच्या खालोखाल विश्वासाची वस्तू असते.

वयानुसार अपेक्षा काय ठेवावी, हेही सांगून ठेवतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शनानुसार एक ते दोन वर्षांच्या मुलास दिवसरात्र मिळून ११ ते १४ तास, आणि तीन ते चार वर्षांच्या मुलास १० ते १३ तास झोप हवी. चोखणी सोडविण्याच्या आठवड्यात यात तास-दीड तास तूट आली तर घाबरू नये. ती तूट दुपारी नव्हे, तर रात्री लवकर अंथरुणावर नेऊन भरावी.

पादांशिक क्रमाचा उपयोग आणि त्याची मर्यादा

सवयीने सात्म्य झालेली वस्तू अहितकर असली तरी एकदम सोडू नये, हा चरकाचार्यांचा नवेगान्धारणीय अध्यायातील उपदेश सर्वांना ठाऊक आहे. अपथ्याचा चतुर्थांश सोडावा, त्या जागी पथ्याचा चतुर्थांश द्यावा, आणि अंतर वाढवीत क्रमाने पुढे जावे. वाग्भटाचार्यांनी तर चतुर्थांशाचाही चतुर्थांश, म्हणजे षोडशांश सोडण्याची मुभा दिली आहे. दिवसांच्या मोजणीविषयी टीकाकारांत मतभेद आहेत, त्यांत येथे शिरण्याचे कारण नाही. आम्हांस या सूत्रातील अधिक मोलाचा भाग वाटतो तो 'त्या जागी पथ्य द्यावे' हा. आई-वडील सोडविण्याचा अर्धा भाग करतात आणि देण्याचा विसरतात.

चोखणीचे पाद कसे पाडावेत? अन्नाप्रमाणे येथे मात्रा मोजता येत नाही, म्हणून प्रसंग मोजावे. पहिला पाद जागेपणी खेळताना घेतली जाणारी चोखणी. दुसरा, बाहेर जाताना, प्रवासात किंवा रडू आले असता दिली जाणारी. तिसरा रात्री झोपतानाचा, आणि चौथा दुपारच्या झोपेचा. हा क्रम आम्ही मुद्दाम असा ठेवतो. दिवसभराच्या श्रमाने रात्री झोपेचा वेग प्रबळ असतो. त्याच्या आधाराने मूल चोखणीवाचून झोपू शकते. दुपारी तो वेग क्षीण असतो, म्हणून दुपारची झोप नेहमी शेवटी आणि कष्टाने वळते. पुष्कळ पालक याच्या उलट करतात. दुपारी मूल रडले तरी शेजार-पाजाराची झोपमोड होत नाही, म्हणून ते दुपारपासून आरंभ करतात आणि दोन दिवसांत हताश होतात.

पहिल्या दोन पादांना सुमारे आठवडा-दीड आठवडा द्यावा. या काळात चोखणीचा मुक्काम अंथरुणावर ठेवावा : 'चोखणी गादीवर राहते, हवी असेल तर गादीवर चल' असे मुलाला सांगावे. बहुतेक मुले खेळ सोडून गादीवर जाण्यास लवकरच कंटाळतात. त्याच काळात झोपेच्या वेळी चोखणीबरोबर दुसरी एक वस्तू नेमाने द्यावयास आरंभ करावा. आजीच्या जुन्या मऊ लुगड्याची लहान गोधडी अथवा कापडी बाहुली, जे मूल स्वतः निवडील ते. चोखणी निघून जाते, गोधडी राहते. हाच पथ्याचा पाद.

तिसऱ्या व चौथ्या पादाविषयी मात्र आमचे मत परंपरागत अर्थापेक्षा वेगळे आहे. रात्रीची चोखणी एकदा बंद केली, की ती बंदच राहिली पाहिजे. एक रात्र द्यावी, एक रात्र नाही. अथवा अर्धा तास रडल्यावर द्यावी, हा पादांशिक क्रम नव्हे. अर्ध्या तासाने चोखणी मिळालेले मूल 'अर्धा तास रडले की मिळते' एवढेच शिकते आणि दुसऱ्या रात्री त्याहून अधिक रडते. येथे वस्तूचा अंश पडत नाही, म्हणून अंश पाडावयाचा तो आधाराचा. पहिल्या रात्री आईने जवळ निजून थोपटावे, दोन-तीन रात्रींनी केवळ हात अंगावर ठेवावा, पुढे शेजारी बसून अंगाई म्हणावी, आणि असे करीत आपले साहाय्य हळूहळू कमी करावे. मुलाला एकटे कोंडून रडू देण्याचा मार्ग आम्ही सुचवीत नाही, आणि आपल्या एका खोलीत निजणाऱ्या कुटुंबांत तो शक्यही नसतो. रात्र वळल्यावर चार-पाच दिवसांतच दुपारही बंद करावी. दोन्हींत फार अंतर राहिले तर मुलाचा गोंधळ होतो.

उदाहरणादाखल आमच्या चिकित्सालयातील एक बालक सांगतो. वय दोन वर्षे नऊ महिने, मुलगी. आई-वडील दोघेही नोकरीस, दिवसभर मुलगी आजीजवळ. वारंवार प्रतिश्याय आणि दोनदा कर्णस्राव झालेला. चोखणी सोडविण्याचे तीन प्रयत्न वाया गेले होते. चौकशीत असे दिसले, की आई रात्री निश्चयाने चोखणी लपवी आणि दुपारी आजी ती डब्यातून काढून देई. आजींना आम्ही बोलावून घेतले. त्या म्हणाल्या, "डॉक्टर, मला या वयात पोरीला दोन तास खांद्यावर घेऊन फिरवत नाही. चोखणी दिली की मला पाठ टेकता येते." हे ऐकून सुनेचाही सूर बदलला. त्यातून तोड निघाली ती अशी : चोखणी सोडविण्याचा शेवटचा टप्पा दिवाळीच्या सुटीत घ्यावयाचा, दुपारी मुलीला झोपविण्याचे काम आठ दिवस वडिलांनी करावयाचे, आणि आजींनी त्या वेळी खुशाल दुसऱ्या खोलीत निजावयाचे. पहिल्या तीन रात्री मुलगी पुष्कळ रडली. चौथ्या रात्री गोधडी तोंडाशी धरून झोपली. दुपारची झोप आठवडाभर लागलीच नाही; त्या दिवसांत तिला सायंकाळी साडेसातलाच अंथरुणावर नेत. दोन आठवड्यांनी आजींनी सांगितले, की दुपारी ती आपण होऊन त्यांच्या शेजारी येऊन निजते. औषध म्हणून आम्ही केवळ अभ्यंगाचे तेल दिले होते. घरातील सर्वांचे एकमत करणे हे या चिकित्सेत पूर्वकर्मच आहे, आणि त्यासाठी अर्धा तास खर्च करावयास वैद्याने तयार असावे.

काळही पाहावा. दुसऱ्या दाढा साधारणपणे दोन ते पावणेतीन वर्षांच्या दरम्यान येतात; हिरड्या सुजल्या असता हा उपक्रम हाती घेऊ नये. धाकट्या भावंडाचा जन्म, नवे घर, बालवाडीचे पहिले दिवस अथवा ज्वर यांच्या आगेमागे दोन-तीन आठवडे सोडून द्यावेत.

सहायक उपचार

चरकाचार्यांनी निद्रा आणणाऱ्या उपायांत अभ्यंग, स्नान, दूध, स्नेह, मनास सुख देणारे गंध व शब्द आणि संवाहन सांगितले आहे. यातील बहुतेक सर्व बालकास जसेच्या तसे लागू पडतात. सायंकाळी कोमट तीळतेलाने अथवा चंदनबलालाक्षादि तेलाने सर्वांगास अभ्यंग, त्यानंतर कोमट पाण्याने स्नान. निजताना तळपायांस तूप लावून काशाच्या वाटीने हलक्या हाताने घासावे. हा आपल्या घरोघरचा उपाय मुलांना फार आवडतो आणि आईस हातांनी करण्याजोगे काही मिळते. रात्रीचे जेवण निजण्यापूर्वी दीड-दोन तास आधी असावे : मऊ भात, मुगाचे वरण, तूप. दूध द्यावयाचे तर पेल्याने द्यावे आणि नंतर दात पुसावेत. महिषीक्षीर हे स्वप्नजनकांत श्रेष्ठ म्हटले आहे हे खरे. परंतु ज्या मुलाची चोखणी सर्दीकानासाठी सोडवावयाची, त्याला रात्री म्हशीचे घट्ट दूध देणे युक्त नव्हे.

स्तन्यापनयनाच्या प्रसंगी वाग्भटाचार्यांनी चारोळी, ज्येष्ठमध, मध, लाह्या व खडीसाखर यांचा मोदक सांगितला आहे. सोडलेल्या वस्तूच्या जागी प्रीणन करणारे काही द्यावे, हाच विचार त्यामागे दिसतो. चोखणी सोडणाऱ्या दोन-अडीच वर्षांच्या मुलास दुपारी, जागेपणी, असा लहानसा मोदक देण्यास हरकत नाही. तो निजताना देऊ नये. आणि चारोळ्या बारीक वाटूनच घ्याव्यात.

वर्ज्य काय

चोखणी मधात बुडवून देणे आधी बंद करावे. दातांची हानी तर आहेच. शिवाय एक वर्षाच्या आतील बाळास मधातील जंतुबीजांमुळे बोटुलिझम हा स्नायू लुळे पाडणारा गंभीर विकार होऊ शकतो. २०१८ साली अमेरिकेतील टेक्सास राज्यात मध भरलेल्या चोखण्या वापरलेली चार अर्भके याच विकाराने रुग्णालयात दाखल झाली. मध हे आपले प्रिय अनुपान आहे, म्हणून हा इशारा आपणच आधी दिला पाहिजे.

चोखणीचे टोक कात्रीने कापून तिची गोडी घालविण्याची युक्ती ऐकू येते. कापलेले बोंड चावून तुकडा निघतो आणि तो श्वासमार्गात अडकू शकतो. चोखणीला कोरफडीचा चीक फासण्याचाही प्रघात आहे. या चिकाचाच वाळून काळा बोळ होतो, आणि तो रेचक आहे, याचा विसर पडू नये. कडुनिंबाचा रस तितका अपायकारक नाही, परंतु फसविले गेल्याची भावना मुलाच्या मनात राहते आणि पुढे औषधाचा चमचा तोंडाजवळ नेणे अवघड होते; आम्ही तो सुचवीत नाही. बागुलबुवाची भीती घालणे तर चरकाचार्यांनीच निषिद्ध मानले आहे. रडणाऱ्या, न जेवणाऱ्या मुलाला वश करण्यासाठीही राक्षस-पिशाचांची नावे घेऊ नयेत, असे ते शारीरस्थानात सांगतात. चोखणीच्या जागी हातात मोबाइल देणे ही आजची नवी चूक. त्याने रडे थांबते आणि झोप आणखी दूर जाते.

निद्राकर द्रव्यांविषयी विशेष सावध असावे. बाळगुटीत जायफळाचा एखादा वेढा सहाणेवर उगाळून देण्याची रीत सर्वत्र आहे. पण 'झोपत नाही म्हणून' वेढे वाढवीत नेले जातात, तेव्हा ते औषध राहत नाही. जायफळ अधिक मात्रेत मदकारी व विषारी आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईच्या गिरणगावात कामावर जाणाऱ्या माता मुलांना अफूच्या बाळागोळ्या देऊन निजवीत, हा इतिहास फार दूरचा नाही. गरज तीच आहे, केवळ गोळी बदलली आहे : सर्दीची झोप आणणारी सिरपे याच हेतूने दिली जातात. त्यांतील प्रोमेथाझिन या द्रव्यावर, दोन वर्षांखालील मुलांत श्वसन मंद होऊन मृत्यू ओढवू शकतो म्हणून, अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००४ साली ठळक इशारा छापावयास लावला. चोखणी सोडविण्याच्या काळात कोणतेही निद्राकर द्रव्य, आपले अथवा इतरांचे, देण्याचे कारण नाही.

दोन-तीन आठवडे नीट क्रम पाळूनही झोप न सुधारल्यास चोखणीकडे बोट दाखवीत बसू नये. आडवे केल्यावरच रडणे वाढत असेल तर कान पाहावा. रात्री गुदभागी खाज असल्यास सूत्रकृमी. घोरणे, तोंडाने श्वास घेणे, झोपेत श्वास अडखळणे असल्यास नासाग्रसनीतील ग्रंथींची वाढ. पांडुता आणि झोपेत पाय झाडणे असल्यास लोहाची न्यूनता. यांपैकी ग्रंथीवृद्धी व श्वास अडखळणे असलेले बालक कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे विनाविलंब पाठवावे.

औषधालयाच्या फळीवर

औषधविक्रेत्या बंधूंकडे चोखणी मागणारा ग्राहक येतो, तेव्हा प्रथम बाळाचे वय विचारावे. एक वर्षाच्या पुढच्या मुलासाठी नवी चोखणी मागितली जात असेल, तर ती विकण्यापूर्वी दोन शब्द सांगण्यास ही योग्य वेळ असते. द्यावयाचीच झाली तर ती एकसंध, ढाल मुलाच्या तोंडाहून रुंद आणि ढालीस हवेची छिद्रे असलेली असावी. जत्रेतील व पदपथावरील दोन तुकड्यांच्या स्वस्त चोखण्या ठेवू नयेत. चरकाचार्यांनी खेळण्याच्या लक्षणांत ते टोकदार नसावे, जड नसावे, आणि तोंडात शिरू शकणारे नसावे असे सांगितले आहे. ढालीची रुंदी तपासताना हेच लक्षण आपण वापरतो. काळ्या दोऱ्याने चोखणी गळ्यात बांधण्याची पद्धत आढळली तर तेथल्या तेथे दोरा काढावयास सांगावे. झोपेत तो गळ्यास आवळून मूल दगावू शकते.

दुधाच्या बाटल्या व त्यांची बोंडे यांबाबत १९९२ चा अर्भक दुग्धपर्याय कायदा, २००३ च्या सुधारणेसह, सर्वांस लागू आहे. त्यांची जाहिरात करणे, विक्री वाढावी म्हणून त्यांवर सूट अथवा भेटवस्तू देणे यास त्या कायद्याने मनाई आहे. 'बाळंतविडा' म्हणून तेल, गुटी आणि बाटली एकत्र बांधून सवलतीत देण्याची प्रथा काही औषधालयांत दिसते. त्यातील बाटली तेवढी काढून तिच्या जागी चांदीचे अथवा स्टीलचे बोंडले आणि वाटी-चमचा ठेवावा.